पहिला आवाज

"बाई गात न्हाई म्हादबा, मशिन गातंय. रेकॉर्डवाल्याचं मशिन!"

असं म्हणून त्या टोपीवाल्या गृहस्थांनी बशीतला चहा फुर्र करून ओढला आणि मिशा पुसल्या. बोलणं माझ्याबद्दल चाललं होतं. मी त्यांच्यामागच्याच टेबलावर बसले होते, त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

सोय नव्हती, कारण खेळाच्या दिवशी मी मौन पाळत असे. सकाळी उठल्यापासून तोंडाला रंग लागेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, हा माझा नेम होता. गळ्याला विश्रांती, असं मी लोकांना सांगायची. खरं म्हणजे त्यात थोडा रुबाबही होता. आमच्या ह्यांना माझ्या खुणा पाठ झाल्या होत्या. मी डोळे मिटले की पंखा बंद करायचा, गळ्याला हात लावला की गरम पाणी, आणि मान किंचित खाली झाली की हो. ह्यांच्यासारखा माणूस मिळाला म्हणून माझं मौन टिकलं, नाहीतर दुसऱ्या कुणाला हे नखरे सोसले नसते.

गाव विटे. सत्त्याहत्तर साल असावं. सांगलीची आमची नाटक मंडळी टेम्पोतून सामानाबरोबर पुढे गेली होती आणि आम्ही दोघं एसटीनं मागून आलो होतो. खेळ दुपारी तीनचा, गावातल्या टॉकीजमध्ये. सहाला तिथे सिनेमा असायचा, म्हणून नाटकाला दुपार मिळाली होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात ह्यांनी स्वतःसाठी चहा आणि माझ्यासाठी नुसतं गरम पाणी सांगितलं, तेव्हा हॉटेलवाला म्हणाला होता, "पाण्याचं बी पैसं पडत्यात बरं का पावणं." ह्यांनी हसून मान हलवली होती. हे सगळ्यांनाच मान हलवायचे. सरकारी कचेरीत कारकून होते, आणि त्यांचा चढलेला आवाज मी तोपर्यंत, लग्नाला नऊ वर्षं होऊनही, ऐकलेला नव्हता.

भिंतीवर आमच्या नाटकाची जाहिरात चिकटवली होती. 'रेकॉर्डफेम गायिका कुंदा हेर्लेकर रुक्मिणीच्या भूमिकेत! पदोपदी वन्समोअर!!' त्यावरूनच भांडण पेटलं होतं. जाहिरातीतला फोटो मुकुट-दागिन्यांसकट होता. मी चष्मा लावून, गळ्याला मफलर गुंडाळून, व्हॉईलच्या साडीत बसलेली. मला ओळखायचं कुणाला काही कारण नव्हतं.

"आप्पा, तुमी नं, कुढत ऱ्हावा," दुसरा म्हणाला. हा तरणा होता, हाताला सायकलीचं काळं वंगण लागलेलं. "अवो, लग्नात बघा, बारशात बघा, तिचंच गाणं लावत्यात. माझ्या दुकानात पंक्चर काढाय आलेलं गिऱ्हाईक काम झालं तरी रेडिओपाशी हुभं ऱ्हातंय. आन् तुमी म्हंता बाईला गळा न्हाई!"

"गळा हाय. गोड बी हाय. म्या कुठं न्हाई म्हंतोय? पर नाटकात गायाचं म्हंजे निस्तं गोड असून भागत न्हाई मर्दा. पद हुभं करावं लागतंय."

"करतीया की! गावोगावी वन्समोअर घेतीया. त्ये बघा, छापलंय."

"छापाय काय जातंय?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी खुर्ची थोडी वळवली आणि आवाज खाली आणला. म्हणजे त्यांना वाटलं की आणला. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "म्या मिरजंला बघितलाय हिचा खेळ. पुढच्या रांगंत हुतो. पद संपलं रं संपलं, की मागनं एक आवाज, वन्समोअर! मग सगळी मेंढरं सुरू. पुना पलूसला गेलतो, मेव्हण्याकडं. थितं बी त्येच. पद संपलं, की मागनं एकच आवाज आधी. पेरल्याला माणूस हाय त्यो. पासावर आणून बसवत्यात आन् वरडाय लावत्यात."

माझी कानशिलं तापली. मला उठून म्हणावंसं वाटलं, ओ आप्पा, माझ्या तोंडाकडे बघून बोला. आम्ही फुकट पास वाटत नव्हतो. आमची मंडळी इतकी चिक्कू की मॅनेजरच्या बायकोलासुद्धा तिकीट काढावं लागे. मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हणजे ह्यांनी तरी माझ्या वतीनं दोन शब्द बोलावेत. हे बशीत बघत होते. बशी ओठापर्यंत नेलेली होती आणि चहा पीत नव्हते. मला वाटलं, संताप गिळतायत.

"पेरलेला माणूस!" म्हादबा उसळला. "मग मी कोण? मी बी पेरलोय व्हय? कराडला मी सोता पदरचं तिकीट काढून गेलतो. बोंब मारून मारून घसा बसला माझा!"

"तू दुसरा असशील. म्या पयल्याचं बोलतोय."

"काय फरक पडतोय ओ?"

"लई पडतोय लेका." आप्पांनी बशी ठेवली. "वन्समोअर मागून मिळत न्हाई, आन् बघून बी द्याचा नसतोय. पद संपतंय आन् आपल्या तोंडातनं पडतोय त्यो. आपल्याला कळत बी न्हाई आपण वरडलो म्हून. त्यो पयला आवाज खरा असला, की गाणारा खरा."

हे असं कुणी इतकं सरळ सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. रागानं मी पाण्याचा घोट घेतला, त्यानं जीभ भाजली.

"मग आज हून जाऊ द्या," म्हादबा म्हणाला. "आज तुमी बी हाय, मी बी हाय."

"हून जाऊ दे. पर तू गप बसायचंस. तुझा आवाज धरायचा न्हाई."

"बसतो. आईच्यान."

"आन् माझ्यादेखत कुणाच्या तरी तोंडातनं आपसुक पडला, तर म्या तुझ्या दुकानाम्होरं हुभा ऱ्हाऊन चार माणसांत सांगीन, आप्पा चिकोड्याला गाण्यातलं कळत न्हाई."

दोघांनी हातावर हात मारला. तोवर हे उठलेच. गल्ल्यावर पैसे दिले, माझी पिशवी उचलली आणि माझी वाटसुद्धा न बघता बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

टॉकीजच्या पडद्यामागे एक कोठीची खोली होती, तिथे आमचा रंगपट मांडला होता. जुन्या सिनेमांच्या जाहिराती भिंतीला टेकवून ठेवलेल्या, एका खिळ्याला माझा मुकुट. रंगवाल्यानं माझ्या चेहऱ्याला हात लावायच्या आधीच मी त्याला बाहेर जायची खूण केली आणि ह्यांना आत बोलावलं. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा खेळाच्या दिवशी, रंग लागण्याआधी, मी तोंड उघडलं.

"तो माणूस कोण?"

"कुठला माणूस?" ह्यांनी विचारलं. आवाजावरूनच मला कळलं. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

"पहिला आवाज देणारा."

हे खाली बघून म्हणाले, "अगं, बोलू नकोस. गळा..."

"गळा राहू द्या तिकडे. तुम्ही?"

ह्यांनी मान हलवली.

मला हसू आलं, खरंच आलं. हा माणूस, ज्याला बसमध्ये कंडक्टरला 'उतरायचंय' म्हणून ओरडता येत नाही, हा तिकडे अंधारात उभा राहून वन्समोअर ओरडतो! मग हसू गेलं.

"कधीपासून?"

"निपाणीपासून."

निपाणी म्हणजे माझा तिसरा खेळ.

"तू पद संपवलंस," हे हळूहळू बोलायला लागले. "टाळ्या चांगल्या पडल्या. पण वन्समोअर कुणी म्हणेना. तू जरा थांबलीस. मी शेवटच्या खांबापाशी उभा होतो, मला तुझा चेहरा दिसत होता. मला नाही बघवलं, कुंदा. मी ओरडलो. माझं मलाच कळलं नाही. आणि मग एकदम सगळे ओरडले."

"आणि मग दर खेळाला?"

"दर खेळाला नाही."

"कुठे नाही?"

"इचलकरंजीला नाही. तेव्हा माझा घसा बसला होता."

इचलकरंजीला मला वन्समोअर मिळाला नव्हता. परत येताना टेम्पोत मी त्या गावाला नावं ठेवली होती. मागावर बसून बसून माणसांचे कान गेलेत, असं मी म्हटलं होतं, आणि हे माझ्या शेजारी बसून, गळ्याला फडकं गुंडाळून, मान हलवत होते. ते आठवलं आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"पण ऐक," हे म्हणाले. "माझा आवाज एक. पुढचे शंभर माझे नसतात. ते तुझेच की नाही? लोकांच्या मनात असतं, पण सुरुवात करायला लाजतात. कुणीतरी आधी तोंड उघडायला लागतं, एवढंच. मी एवढंच करतो."

आज मला वाटतं, ते म्हणत होते त्यात तथ्य असेलही. त्या वेळी मला ते ऐकायचंच नव्हतं. माझ्या डोक्यात आप्पांचा एकच शब्द वाजत होता. "शंभर मेंढरं," मी म्हटलं. "आज गप्प बसायचं तुम्ही."

"आज नको गं. उद्यापासून. आज ते दोघं बसणार आहेत समोर."

"म्हणूनच आज. त्या पोरानं तोंड बांधून घेतलंय ना? मग तुम्हीही घ्या. बघू दे त्या आप्पाला. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

"गळ्याची नको."

"गळ्याचीच."

त्यांनी माझ्या गळ्याला दोन बोटं लावली. बोटं गार पडली होती. मग रंगवाल्याला आत पाठवून ते निघून गेले.

त्या दिवशी मी गायले कशी, हे मला प्रामाणिकपणे सांगता येईल. चांगली गायले. अंगात राग होता आणि रागानं माझा आवाज नेहमी लागतो. पहिल्या अंकातली दोन पदं सहज गेली. त्यांना वन्समोअर कधीच नसायचा. सगळा भरवसा दुसऱ्या अंकावर, बागेश्रीतल्या पदावर. रुक्मिणी पत्र पाठवून बसली आहे, कृष्ण येतो की नाही हे माहीत नाही, आणि ती गाते. आमच्या गावोगावच्या सगळ्या कीर्तीचं मूळ त्या एका पदात होतं.

पद सुरू व्हायच्या आधी मी सभागृहावर नजर टाकली. दुपार असल्यामुळे आणि दरवाजे नीट लागत नसल्यामुळे माणसं दिसत होती. बरी गर्दी होती. तिसऱ्या रांगेच्या कडेला आप्पा, टोपी मांडीवर ठेवून. त्यांच्याशेजारी म्हादबा, दोन्ही हातांच्या मुठी तोंडावर गच्च धरून बसलेला. आणि पार मागे, दाराजवळ, वाळूनं भरलेल्या लाल बादल्यांपाशी हे उभे होते.

मी गायले. अंतऱ्यात वर षड्जावर थांबायची एक जागा होती, तिथे मी नेहमीपेक्षा जास्त थांबले, आणि सभागृह थांबलं. ते कळतं. खालच्या बाकड्यांवरची पोरंसुद्धा हलत नव्हती. मग तान घेऊन समेवर आले, पद संपवलं, आणि टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या. खोटं का सांगू, त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. पद संपलं की मी तशीच उभी राहत असे, एक पाऊल पुढे, डावा हात उरावर. ऑर्गनवाले पाटणकर काका षड्ज धरून ठेवत. कारण वन्समोअर येणारच, मग पुन्हा सूर कशाला शोधायचा? सखीचं काम करणारी मुलगी तिचं पुढचं वाक्य गिळून बाजूला उभी राही. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. सवयीनं ठरलं होतं.

टाळ्या वाजल्या. टाळ्या कमी झाल्या. टाळ्या थांबल्या.

ऑर्गनचा षड्ज चालूच होता. मी एक पाऊल पुढे, हात उरावर.

त्या क्षणी मी हात खाली घेऊन आसनावर बसले असते, तर काहीच झालं नसतं. गाणं आवडलं, टाळ्या मिळाल्या, नाटक पुढे गेलं असतं. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नसतं. पण मी उभी राहिले. लोक माझ्याकडे बघत होते, मी लोकांकडे बघत होते, आणि आता हळूहळू त्यांना कळायला लागलं होतं की बाई कशाची तरी वाट बघते आहे.

"ताई, बोलू का मी?" सखी ओठ न हलवता म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. कुणीतरी खोकलं. पाटणकर काकांनी भात्यावरचे पाय चालू ठेवत माझ्याकडे वळून बघितलं. मी आप्पांकडे बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती. मी मागे बघितलं, दाराकडे.

ह्यांचं लक्ष माझ्यावरच होतं. त्यांनी एक हात आपल्या गळ्याला लावला. दोन बोटं. शपथ.

आणि मी मान खाली केली.

किंचित. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतकी. ह्यांना मात्र तेवढी पुरायची. ह्यांनी आधी विश्वास बसत नसल्यासारखं बघितलं. मी पुन्हा मान हलवली. हो.

"वन्समोअर!"

आजवर तो आवाज टाळ्यांच्या गदारोळात यायचा. आज सगळीकडे सामसूम होती. तिच्यात तो एकटाच आला, फाटका, कापरा, मध्येच चिरकलेला. एक कारकून माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला तर जसं वाटेल तसंच ते वाटलं. सगळं सभागृह एकदम मागे वळलं. लाल बादल्यांपाशी एक किडकिडीत माणूस, खांद्याला बायकांची पिशवी, बगलेत थर्मास.

"अरं, ह्यो तर बाईचा मालक हाय!" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं. "टेम्पोजवळ दोघं संगट हुती की!"

मग जे हसू फुटलं, ते मी आजही अंगावर घेऊन आहे. दुष्ट नव्हतं ते. लोक मजेनं हसत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि हे तिथेच उभे होते. पळून जाता आलं असतं, दार हातभरावर होतं. गेले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले, पुढची खूण काय येते ते बघत.

तेवढ्यात म्हादबा उठला. त्याला हॉटेलातली चष्म्यातली बाई आठवली असावी, कारण त्यानं एकदा मागे ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा लालभडक झाला. "हसताय काय ओ!" तो गर्जला. "वन्समोअर!! वन्समोअर!!" घेतलेली शपथ मोडून, दोन्ही हात वर करून. मग त्याच्यामागून दहा, मग शंभर, मग सगळं टॉकीज. शिट्ट्या, पाय आपटणं. विट्याएवढा मोठा वन्समोअर मला त्याआधी मिळाला नव्हता आणि पुढेही मिळाला नाही.

मी ते पद पुन्हा गायले. ऐका, मी गायले. थांबले नाही, आत गेले नाही, हात जोडले नाहीत. चेहऱ्यावर रुक्मिणीचं हसू ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गायले, आणि पद संपल्यावर सवयीनं पुन्हा एक पाऊल पुढे उभी राहीन की काय, या भीतीनं झटकन आसनावर जाऊन बसले. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. लोक खूश होते.

खेळ संपल्यावर मी मुकुट काढत होते, तेव्हा म्हादबा आणि आप्पा कोठीच्या दारात आले. आत यायला दोघंही लाजत होते. आप्पांनी टोपी हातात धरली होती आणि ती फिरवत होते.

"बाई, सकाळी हाटेलात आमी काय काय बोललो. तुमी हाय म्हून ठावं नव्हतं. म्हातारपणाला जीभ सुटती माणसाची. मनावर घिऊ नगा."

"तुम्ही खोटं काय बोललात?" मी म्हटलं. रंग पुसलेल्या अर्ध्या तोंडानं मला हसता आलं नाही. "पेरलेला माणूस होताच. आता तर सगळ्या गावानं बघितला."

आप्पांनी मान हलवली. जायला वळले. मग पुन्हा थांबले.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "सांगावं का न्हाई, कळंना झालंय मला."

"सांगा."

"तुमी त्या वरच्या सुरावर थांबला न्हवं, तवाच माझ्या अंगावर काटा आलता. पद संपल्यावर म्या टाळी बी वाजवली न्हाई. हात हालंना. हिकडं घशात आल्यालं, बाहीर पडंना. धा जणांत बोललो हुतो ना, लाज वाटली. मग म्हटलं, मरू दे लाज, चुकलो तर चुकलो. खाकरून तोंड उघडलं." ते थांबले. "आन् तेवढ्यात तुमी मागं बघून मान हालवली."

मला वाटलं होतं, माझी मान फक्त ह्यांनी बघितली.

"खरं सांगताय, आप्पा? की माझी कीव आली?"

हे मी विचारलं नाही. ओठापर्यंत आलं होतं. विचारलं असतं तर ते काहीतरी म्हणाले असते, आणि ते जे म्हणाले असते ते जन्मभर बाळगायची माझी तयारी नव्हती. मी नुसते हात जोडले. ते दोघं निघाले, आणि त्यांना वाट द्यायला म्हणून दारातला माणूस बाजूला झाला, तेव्हा मला दिसलं की ते हेच होते. थर्मास घेऊन. कधीपासून, कोण जाणे.

"पाणी," ते म्हणाले आणि झाकणात ओतून दिलं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. मला आता बोलायला मोकळीक होती, आणि मी एक शब्द बोलले नाही. माफ करा म्हणायला हवं होतं. ते इतकं सोपं वाक्य आहे की मी दोनदा मनात म्हणून बघितलं. तासगाव मागे पडलं तरी ते बाहेर येईना. मध्येच ह्यांनी खिडकीकडे बघत विचारलं, "घसा दुखतोय का?" मी मान आडवी हलवली. ह्यांना वाटलं असेल, अजून मौन आहे.

पुढचा खेळ जतला होता. मी सकाळी उठून पिशवी भरली, थर्मास धुऊन ठेवला, मफलर घेतला. हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. अंगात बनियन होती. कपडे करायची काही हालचाल नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, निघायचं ना?

ह्यांनी पेपर खाली केला नाही.

"मला नाही जमणार आज," ते म्हणाले. "रजा मिळाली नाही."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. वार रविवार होता. मग मी थर्मास स्वतःच भरून घेतला आणि निघाले.